अंगठ्याचा कौल

अंगठा

पूर्णगडच्या अलीकडे, रस्ता खाडीकडे उतरतो तिथल्या एका गावात देवानं तीन वर्षांत एकदाही हो म्हटलं नव्हतं.

रिक्षावाल्या निलेशच्या लग्नाला नाही. एकदा नव्हे, चार वेळा. चौथी मुलगी जयगडच्या बंदरात नोकरीला होती. तिनं स्वतःच फोन करून कळवलं, की तुमच्या देवाचा रुसवा निघेपर्यंत मी आजी होईन. मथुरेच्या बोअरला नाही: घरामागे नाही, घरापुढे नाही, माडाखालीही नाही. मोबाईलच्या टॉवरला नाही. त्यामुळे संध्याकाळी सगळं गाव वर सड्यावर चढून फोनवर बोलायचं आणि कोणाची सून माहेरी काय सांगते हे कोणाला कळायचं बाकी राहिलं नव्हतं. देवळाच्या छपराला तांबडा रंग नाही, भगवा नाही, हिरवा नाही. शेवटी गावचे पहिले मानकरी, गावकर सखारामतात्यांनी टेकीला येऊन विचारलं, "महाराजा, मग रंगच नको काय?" त्यालाही नाही. रंगाचे डबे सभामंडपात खांबाला टेकून बसले, आणि पुढे त्यांच्यावर लोक बसू लागले.

कौल लावायचा तो असा. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. दोन्ही एकाच दमात, दोन अंगठ्यांनी. ते काम श्रीपती गुरवाचं. त्याच्या आधी त्याच्या बापाचं, आजाचं. मग तात्यांनी सवाल घालायचा आणि सगळ्यांनी वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

देव समोर तोंड करून उभा. म्हणजे देवाचा उजवा खांदा येतो श्रीपतीच्या डाव्या हाताशी, आणि देवाचा डावा खांदा श्रीपतीच्या उजव्या हाताशी. एवढीच गोष्ट लक्षात ठेवायची होती. तीन वर्षं ती कोणीच ठेवली नाही.

उलट गावाला 'नाही'ची सवय झाली. ज्याला काही करायचं नसे तो हटकून कौल लावायला येई. मेहुण्याबरोबर काशीला जायचं नाही? कौल. जमिनीची वाटणी नको? कौल. रत्नागिरीहून एक प्राध्यापक स्कूटरवरून यायचे. त्यांना स्वभावानं कोणालाच नाही म्हणता येत नसे. महिन्याचे सगळे नकार ते एकदम घेऊन जायचे.

तर्जनी

श्रीपती सकाळ-संध्याकाळ देवळात असे आणि मधल्या वेळात ग्रासकटर चालवी. पाऊस सरला की आंब्याच्या बागांतून गवत कमरेपर्यंत येतं. मग हे यंत्र खांद्याला अडकवायचं, दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि दिवसभर गवतातून अर्धवर्तुळं काढत पुढे सरकायचं. संध्याकाळी यंत्र बंद होतं. हात बंद होत नाहीत, ते गुरगुरतच राहतात.

आधी मुंग्या आल्या. मग त्या जाईनाशा झाल्या. मग झोपेतून उठून हात झटकायची पाळी आली, मासा लागलेला गळ झटकावा तसा. चहाचा कप सुटला. आरतीची घंटा सुटली ती नेमकी तात्यांच्या पायावर. शर्टाची बटणं त्याची बायको सगुणा लावून देऊ लागली तेव्हा निलेश रिक्षातून ओरडला, "काकी, या वयात काय सुरू केलंत दोघांनी?"

"तुझं सुरू होत नाय म्हणून आमचा बघत बस मेल्या," सगुणा म्हणाली.

गावातल्या प्रत्येकानं एकेक कारण दाखवलं. मथुरेनं रातांब्याच्या झाडाकडे बोट केलं. त्याखालून श्रीपती तिन्हीसांजेला गेला होता. कोणी फ्रिजमधल्या पाण्याकडे बोट केलं. कोणी मोबाईलकडे, पण घरात मोबाईल होता तो सगुणाचा, आणि तो तिच्याच कमरेला असे. निगडीचा पाला शेकून झाला. तेल झालं. काळा दोरा बांधून झाला आणि दोरा घट्ट बसल्यावर दुखणं वाढलं. तेव्हा दोरा बांधणारा म्हणाला, बघ, आत काहीतरी आहे, ते विरोध करतंय.

आत काहीतरी होतंच.

"उठा," सगुणा एका सकाळी म्हणाली. "रत्नागिरीला नवीन डॉक्टरीण आलीय. नुसते हात बघते. पाय नाय, पोट नाय, फक्त हात."

"फक्त हात बघून पोट भरता तिचा?"

"तुमच्यासारखे असतील तर बंगला बांधील."

डॉक्टर तेजल नाटे गावची. बापाबरोबर होडीवर जाळी ओढलेली मुलगी. तिचा हात श्रीपतीच्या हाताहून रुंद होता. तिनं नाव, गाव विचारायच्या आधी विचारलं, "काका, कुठली बोटं?"

"करंगळी सोडून सगळी."

"करंगळीच्या शेजारचं?"

श्रीपतीनं अनामिका उचलून नीट पाहिली. कधी कोणी विचारलंच नव्हतं. मग ओशाळून म्हणाला, "अर्धा."

"कुठलं अर्धं?"

"मधल्या बोटाकडचा बधिर. करंगळीकडचा चांगला हाय."

सगुणानं कपाळावर हात मारून घेतला. पण डॉक्टरीण खूश झाली. "बरोब्बर. सगळे म्हणतात पूर्ण हात. अर्धं बोट सांगणारे तुम्ही पहिले."

मग तिनं समजावलं. मनगटात एक बोगदा असतो. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि एक नस. यंत्राची थरथर बसून बसून दोऱ्यांवरची आवरणं सुजली. बोगदा काही रुंद होत नाही. मग चेपतं कोण? नस.

"रेल्वेच्या बोगद्यासारखा?" श्रीपतीनं विचारलं.

"तसाच. नऊ गाड्या एकदम घुसल्यात आणि तुमची नस मधे रुळावर उभी आहे."

मधलं बोट

"आता नमस्कार करा," डॉक्टर तेजल म्हणाली. "उलटा."

उलटा म्हणजे हातांच्या पाठी एकमेकींना लावायच्या, बोटं जमिनीकडे. एक मिनिट तसंच राहायचं. बावन्न वर्षांत श्रीपतीनं देवापुढे लाखभर नमस्कार केले असतील, पण असा कधी नाही. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं, न जाणो, कॅलेंडरवरच्या देवानं पाहिलं तर. पंचविसाव्या सेकंदाला मुंग्यांचं वारूळ फुटलं.

मग हाताला तारा लावून बारीक झटके दिले गेले. प्रत्येक झटक्याला सगुणा शेजारी बसून उडत होती. नसेतून निरोप किती वेळात पोचतो ते पडद्यावर दिसलं. डाव्या हाताचा निरोप एस्टीसारखा जात होता. उजव्या हाताचा चालत, वाटेत बसून, विडी ओढून.

आणि मग डॉक्टरनं ते छोटं यंत्र दिलं, चिमटीचा जोर मोजायचं. त्यावर काटा असतो. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचं.

डाव्या हातानं दाबलं. काटा सातावर गेला.

उजव्या हातानं दाबलं. दोन.

श्रीपतीनं पुन्हा दाबलं. ओठ दाबले, डोळे मिटले, पायाची बोटंही आवळली. दोन.

डॉक्टर पुढे बोलत होती. अंगठ्याच्या बुडाशी मांसाला खड्डा पडलाय, दिसतो ना, म्हणजे नस बरेच दिवस चेपलेली आहे. नुसता पट्टा बांधून, इंजेक्शन देऊन भागायची वेळ गेली. छोटं ऑपरेशन, हात तेवढा बधिर करून वीस मिनिटांत छत कापून नसेला मोकळं करायचं. आणखी थांबलात तर खड्डा भरून येणार नाही, अंगठा असाच राहील. या शुक्रवारी या. ग्रासकटर आजपासून बंद. सगुणा मान डोलवत होती. श्रीपती काट्याकडे पाहत होता.

सात आणि दोन.

डावा हात, देवाचा उजवा खांदा: सातानं चिकटलेली पाकळी. उजवा हात, देवाचा डावा खांदा: दोनानं. पडेल कुठली?

"काका, घाबरलात?"

"नाय," श्रीपती म्हणाला. काट्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं, "डॉक्टर, हा दोनाचा कधीपासून असेल?"

"खड्ड्यावरून... दोन-तीन वर्षं."

एस्टीत त्यानं सगुणाला सांगितलं. भाट्याचा पूल येऊन गेला, समुद्र येऊन गेला, तोवर ती बोटांवर हिशेब करत होती. मग म्हणाली, "म्हणजे निलेश तुमच्यामुळं बिनलग्नाचा राहिलाय?"

"हळू बोल."

"आणि मथुरा डोक्यावरून पाणी आणते ती तुमच्या अंगठ्यापायी?"

"हळू बोल गो!"

"मग आता सोपा हाय. डावा अंगठा जरा सैल सोडायचा. दोन इथं, दोन तिथं. काय अडलाय?"

इथंच सगळं अडलं होतं. इतकी वर्षं श्रीपतीला माहीत नव्हतं, तोवर तो लबाड नव्हता. आता अंगठ्याला माहीत झालं होतं. जोर लावला तरी तो ठरवून, सोडला तरी ठरवून. सात लावले तर नाही म्हणणारा श्रीपती, दोन लावले तर हो म्हणणारा श्रीपती. यात देवानं बोलायचं कुठून?

आणि शुक्रवारच्या आधी देवाला विचारावं लागणार होतं.

अनामिका, अर्धी

मानकऱ्याच्या अंगाला लोखंड लागायचं तर आधी कौल, ही गावची रीत. तात्यांच्या आजोबांची दाढ काढायलाही कौल घेतला होता. देव तेव्हा हो म्हणाला आणि न्हाव्यानं चुकीची दाढ काढली, ते वेगळं. गुरवाचे हात तर त्याचे स्वतःचेही नव्हेत. "तुझ्याकडं नुसते ठेवायला दिलेत," तात्या म्हणाले. गुरुवारी सकाळी गाव जमलं. पंखा बंद केला. श्रीपतीनं पाकळ्या भिजवल्या. डावा अंगठा सैल सोडायचा विचार आला, गेला. त्यानं दोन्ही अंगठे दाबले, जसे आयुष्यभर दाबले तसे. डावा सात, उजवा

तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. बा महाराजा, तुझा सेवेकरी, त्याचा हात अधू झाला, डॉक्टरीण म्हणते कापूया, तर कापू दे काय? कापू दे म्हणत असशील तर उजवी दे, नको म्हणत असशील तर

डावी पडली.

"व्हय महाराजा" म्हणायला उघडलेली तोंडं अर्धवट

"ठरला," तात्या म्हणाले. "देवाला मान्य नाय."

"पण तात्या, हात जाईल ना त्यांचा," सगुणा दारातून म्हणाली. "उलटा विचारा की. कापायचा नाय, असाच ठेवायचा, असा विचारा."

तात्यांनी तसं विचारलं. महाराजा, हात आहे तसाच ठेवू काय? पुन्हा पाकळ्या, पुन्हा अंगठे, पुन्हा सात आणि

डावी पडली.

आता देवाचं म्हणणं असं झालं, की हात कापायचा नाही आणि न कापताही ठेवायचा

"अर्धा कापा," कोणीतरी मागून म्हणालं.

"डावा कापा," निलेश म्हणाला. "डाव्याचा देवानं कुठं काय म्हटलाय?"

"डाव्याला काय झालाय?"

"झालाय कोण म्हणतो? पण परवानगी मिळेल."

यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. चांगला हात कापून घेतला तर डॉक्टरीणही समाधानी, देवही समाधानी आणि शुक्रवारही वाया जाणार नाही, असं मत पडू लागलं. तात्या ते ठराव म्हणून मांडायला उभे राहिले. श्रीपती गाभाऱ्यात उभा राहून आपले दोन्ही हात पाहत होता. उजव्या तळव्यात अंगठ्याच्या बुडाशी खड्डा. पाणी घेतलं तर साचेल एवढा. शुक्रवार उद्यावर आला होता. या हातानं देवाला विचारायचं, आणि या हाताबद्दलच विचारायचं, म्हणजे वाकड्या काठीला विचारायचं की तू

करंगळी

करंगळीला काहीच झालं नव्हतं.

तिची नस वेगळी. ती त्या बोगद्यातून जातच नाही, डॉक्टरीण म्हणाली होती. ती बाहेरच्या वाटेनं येते. श्रीपतीनं उजवी करंगळी गारढोण पाण्यात बुडवली. गार लागली. तीन वर्षांत त्या हातानं त्याला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

"तात्या," तो म्हणाला, "परत सवाल घाला. मी करंगळीनं लावतो."

"करंगळीनं?" तात्यांनी ठराव अर्धा सोडला. "असा कधी झाला नाय."

"अंगठ्यानंच लावायचा असा कुठं लिहिलाय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. उलट, लिहिलेलंच नव्हतं म्हणून इतकी वर्षं कोणी मोडलं नव्हतं. तात्या पुढे काही म्हणायच्या आत श्रीपतीनं पाकळ्या लावल्यासुद्धा. दोन करंगळ्या, एकच दम. दोन्ही सारख्याच दुबळ्या, सारख्याच शहाण्या.

तात्यांनी पहिला सवाल पुन्हा घातला. कापू दे काय?

पाकळ्या थांबल्या. सभामंडपात रंगाच्या डब्यावर बसलेल्या माणसानंही बूड हलवलं नाही. मग एक पाकळी कडेनं सुटली, देवाच्या दंडावरून घसरली आणि खाली पडली.

उजवी.

"व्हय महाराजा" कोणी म्हटलं नाही. तीन वर्षांत त्या शब्दांचा उपयोग पडला नव्हता, कुठल्या सुरात म्हणायचं तेच कोणाला आठवेना.

"काय पडला?" तात्यांनी विचारलं.

"उजवी."

"कोणाची उजवी?"

"देवाची."

तात्यांनी वाकून पाकळी पाहिली, मग देवाकडे पाहिलं. "काहीतरी बिघडलाय," ते म्हणाले. "आपला देव असा बोलत नाय."

मग खात्री करायची ठरली. ज्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे असं काहीतरी विचारायचं. तात्यांनी हात जोडले. "महाराजा, तुझ्यापुढं उभा हाय तो मी सखाराम. खरा ना?"

करंगळ्या, पाकळ्या, वाट.

डावी पडली.

तात्यांनी स्वतःचाच दंड चाचपून पाहिला. त्यांची बायको त्यांच्याकडे नव्यानं पाहू लागली.

"माझा विचारा, माझा विचारा!" निलेश पुढे घुसला. "लग्न होईल काय?"

उजवी पडली. टपकन पडली, जणू वाटच पाहत होती. निलेश मागे सरकला. त्याचा चेहरा पांढराफटक. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आणि संसाराच्या मधे कोणी उभं नव्हतं. "थांबा," तो म्हणाला, "कोणाशी ते विचारू नका. मला रिक्षाचा पासिंग करायचा हाय आधी."

मथुरा मात्र जागची हलली नव्हती. कळशी कमरेला तशीच होती. ती श्रीपतीकडे पाहून सावकाश म्हणाली, "शिरपतीभावजी, आज देव हो म्हणतो, नाही म्हणतो. मग तीन वर्षं नुसता नाही कोण म्हणत होता?"

सगुणानं पदराचा बोळा तोंडाशी नेला. श्रीपती गाभाऱ्यातून बाहेर आला आणि उजवा अंगठा त्यानं सगळ्यांपुढे धरला.

"हा," तो म्हणाला. "ह्यात जोर दोनाचा. ह्या दुसऱ्यात साताचा. मला परवापर्यंत माहीत नव्हता. बोअर तुझी मी अडवली, मथुरा. देवानं नाय."

श्रीपतीला वाटलं, आता दगड येतील; निदान कळशी तरी येईल.

मथुरेनं कळशी खाली ठेवली. त्याचा अंगठा हातात घेतला, उलटा केला, बुडाचा खड्डा दाबून पाहिला. "दुखता?"

"आता तेवढा नाय. आता काय कळतच नाय."

"एवढासा अंगठा," ती म्हणाली, "आणि आमी चाळीस घरां त्याला घाबरून."

"ते राहू दे!" तात्या एकदम जागे झाले. "आता मला कळला. अंगठा बिघडला तेव्हा देव नुसता नाही म्हणायचा, ते परवडला. आता बिघाड करंगळीपर्यंत गेलाय. देव मला सखाराम नाय म्हणतो! ह्या हाताला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. माझा नाव मला परत मिळाला पाहिजे."

हे सगळ्यांना एकदम पटलं. देव हो म्हणाला म्हणून नव्हे. तो हो म्हणाला याचाच अर्थ हात गेलाय, म्हणून. शुक्रवारी सकाळी निलेशच्या रिक्षात श्रीपती, सगुणा, तात्या, मथुरा आणि आणखी चार माणसं बसली. डॉक्टर तेजल त्या घोळक्याकडे पाहून म्हणाली, "एवढे सगळे?"

"हात गावाचा हाय," तात्या म्हणाले.

वीस मिनिटं लागली. श्रीपती जागा होता. पडद्याआड आपल्या मनगटात काहीतरी कापलं जातंय एवढं त्याला कळत होतं. एका क्षणी डॉक्टर म्हणाली, "सुटली." त्याला काही वाटलं नाही, फक्त नऊ गाड्या निघून गेल्यावर फलाटावर उतरते तसली शांतता मनगटात उतरली.

टाके काढले, व्यायाम झाले, पावसाळा येऊन गेला. गवत वाढलं आणि श्रीपतीनं ते वाढू दिलं. ग्रासकटर निलेशला दिलं आणि दर अर्ध्या तासाला हात थांबवायला सांगितलं. मथुरेच्या बोअरला माडाखाली पाणी लागलं. तिनं कौल घेतलाच नव्हता. देवळाचं छप्पर निळं झालं, कारण तीन वर्षांत डब्यांतले रंग आटले होते आणि दुकानात निळा होता. प्राध्यापक अजून येतात. त्यांना कधी हो मिळतो, कधी नाही, आणि परत जाताना ते फार चिंतेत असतात.

कौल करंगळीनंच लागतो. नवे पाहुणे विचारतात तेव्हा तात्या सांगतात, पूर्वापार आहे. ते स्वतः सखाराम आहेत की नाहीत हे मात्र त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.

दिवाळीनंतरच्या तपासणीत श्रीपतीनं यंत्र दाबलं. डावा सात. उजवा चार.

"आणखी वाढेल?" त्यानं विचारलं.

"कदाचित पाच," डॉक्टर तेजल म्हणाली. "खड्डा पूर्ण भरेल असं सांगत नाही. उशिरा आलात."

त्या दुपारी घरी कोणी नव्हतं. श्रीपतीनं तगरीची एक पाकळी भिजवली आणि चुलीमागच्या भिंतीवर उजव्या अंगठ्यानं दाबली. एकच. पाकळी ओली होती, हे अंगठ्याला कळलं. भिंत खरबरीत होती, तेही कळलं. मग समोर पाट मांडून तो बसला.

सगुणा आली. भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"काय विचारताय तिला?"

"काय नाय."

"मग बसलाय कशाला?"

"पडते काय बघतोय."

तिन्हीसांज झाली, आरतीची वेळ झाली, श्रीपती उठून देवळात गेला, परत आला. पाकळी तिथंच होती. सकाळी घावनांचा बिडाचा तवा चुलीवर ठेवताना सगुणानं ती कालथ्यानं खरवडून काढली, आणि तिला दोनदा खरवडावं लागलं.